घरातली कामाची जागा मांडताना आधी कोपराची उंची मोजावी

मार्च २०२० नंतर असंख्य मराठी घरांत जेवणाचे टेबल हेच कार्यालय झाले, आणि टाळेबंदी उठून बराच काळ लोटला तरी आठवड्यातले काही दिवस किंवा सगळेच दिवस घरून काम करणारे आजही पुष्कळ आहेत. मान धरली, कंबर भरून येऊ लागली की अशा घरात पहिला विषय निघतो तो नव्या खुर्चीचा. खुर्ची येते, तिच्यावर बरेच पैसेही खर्च होतात, आणि महिन्याभराने खांदे पूर्वीइतकेच दुखत असतात. याचे कारण असे की दुखण्याचे मूळ बहुतेक वेळा खुर्चीत नसून टेबलाच्या उंचीत आणि लॅपटॉपच्या घडणीत असते. म्हणून जागेची मांडणी शरीराच्या मापांपासून सुरू करावी. मापे हाती आली की टेबल, पाय आणि स्क्रीन यांचे निर्णय आपोआप ठरत जातात, आणि खरेदीची वेळ आली तरी ती अगदी शेवटी येते.

तीन मापे

मोजण्यासाठी शिंप्याची टेप, सपाट व कडक बैठकीचे स्टूल आणि घरातले दुसरे कोणीतरी एवढे पुरेसे आहे. काम करताना पायांत चपला असतील तर चपलांसह, नसतील तर अनवाणी बसावे. मांड्या जमिनीला समांतर आणि पोटऱ्या सरळ उभ्या ठेवाव्यात. जमिनीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंतचे अंतर हे पहिले माप होय. खुर्चीची बैठक याच उंचीला किंवा बोटभर खाली असली म्हणजे तळवे पूर्ण टेकतात आणि मांडीच्या खालच्या बाजूला दाब येत नाही.

नंतर खांदे एकदा कानांपर्यंत उचलून सैल सोडावेत, दंड बरगड्यांलगत खाली लोंबू द्यावेत, कोपर काटकोनात वाकवावे आणि बैठकीपासून कोपराच्या खालच्या टोकापर्यंत मोजावे. खांदे आधी उचलून सोडण्याला कारण आहे. दिवसभर लॅपटॉपवर बसणाऱ्यांचे खांदे नकळत वर चढलेले असतात, आणि त्याच स्थितीत घेतलेले माप फसवे निघते. तिसरे माप बैठकीपासून डोळ्यांपर्यंतचे असून ते स्क्रीनसाठी लागते.

पहिल्या दोन मापांची बेरीज म्हणजे तळवे जमिनीवर टेकलेले असताना तुमच्या कोपराची उंची. कीबोर्डचा पृष्ठभाग या उंचीला किंवा किंचित खाली असायला हवा.

आता हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. भारतातल्या प्रौढ स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर पाच फूट आहे. या उंचीच्या स्त्रीची गुडघ्यामागची लवण अनवाणी असताना जमिनीपासून साधारण ३९ सेंटिमीटरवर येते आणि बैठकीपासून कोपर साधारण २१ सेंटिमीटरवर असते. बेरीज झाली ६०. बाजारात मिळणारी जेवणाची आणि लिहिण्याची टेबले मात्र जवळपास सगळी ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट उंचीची असतात, आणि त्यावर कीबोर्डची दोन सेंटिमीटर जाडी वेगळी. म्हणजे या स्त्रीला कोपरापेक्षा सुमारे १७ सेंटिमीटर उंचावर टंकलेखन करावे लागते. साडेपाच फूट उंचीच्या पुरुषालाही हेच टेबल दहा-बारा सेंटिमीटर उंच पडते. हा फरक भरून काढायला शरीरापाशी एकच उपाय असतो, तो म्हणजे खांदे वर उचलून धरणे किंवा कोपरे अंगापासून दूर फाकवणे. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला स्नायू आठ-आठ तास आखडलेला राहतो, संध्याकाळी तिथे गाठी लागतात आणि दोष खुर्चीला दिला जातो.

भारतीयांची शरीरमापे परदेशी तक्त्यांहून वेगळी आहेत, हे जाणकारांना फार पूर्वीपासून माहीत आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांनी संकलित केलेली भारतीय शरीरमापे १९९७ मध्ये प्रसिद्धही केली. तरीही दुकानातले टेबल अडीच फुटांवरच अडकून बसले आहे, आणि त्याचा सर्वाधिक त्रास ठेंगण्या स्त्रियांना होतो, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

टेबल खाली आणावे किंवा स्वतः वर जावे

टेबल केवळ कामासाठी असेल आणि त्याचे पाय लाकडी असतील, तर सर्वांत चांगला उपाय म्हणजे सुताराकडून पाय कापून घेणे. कापण्यापूर्वी मांडीसाठी जागा उरते की नाही, हे मात्र पाहावे. बसल्यावर मांडीची जाडी बैठकीच्या वर तेरा-चौदा सेंटिमीटर येते, म्हणून फळीखालची चौकट किंवा खण त्याहून निदान दोन बोटे वर राहायला हवा. फळीखाली खण असलेल्या टेबलाचे पाय फार कापता येत नाहीत. फळी पातळ असेल आणि खाली काही नसेल तर काम सोपे होते.

टेबल जेवणासाठीही वापरायचे असेल, भाड्याच्या घरातले असेल किंवा लोखंडी असेल, तर फळीखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवता येतो. फर्निचरच्या दुकानातून चॅनेलची, म्हणजे खण सरकवण्याच्या धातूच्या पट्ट्यांची, जोडी आणून सुतार तो थोड्या वेळात बसवून देतो, आणि कीबोर्ड आठ-दहा सेंटिमीटर खाली येतो. ट्रे एवढा रुंद हवा की कीबोर्ड आणि माऊस दोन्ही त्यावर मावतील. कीबोर्ड खाली आणि माऊस वर टेबलावर अशी विभागणी झाली की उजवा खांदा पुन्हा वर चढतो.

हे दोन्ही जमत नसेल तर स्वतः वर जावे. खुर्ची शक्य तितकी उंच करावी. नुसता मऊ फोम बसताच दबून जातो, म्हणून गरज पडल्यास वर घट्ट भरलेली पाच सेंटिमीटरची गादी घालावी. बैठक अशी वर नेल्यावर पाय अधांतरी होतात, आणि या टप्प्यावर बहुतेक जण थांबतात. तिथे थांबणे मात्र चुकीचे आहे. लोंबत्या पायांचे वजन बैठकीच्या पुढच्या कडेपाशी मांडीखाली येते, पायांना मुंग्या येतात, आणि माणूस नकळत खुर्चीच्या टोकाशी सरकून बसतो, त्यामुळे पाठीचा टेकूही सुटतो. म्हणून बैठक जितकी वाढवली तितकीच उंची पायांखाली द्यावी. घरात वापरात नसलेला पाट असेल तर त्याने पाच-सात सेंटिमीटर मिळतात. पूजेच्या किंवा जेवणाच्या पाटावर पाय ठेवणे अनेक घरांत योग्य मानले जात नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा पाट काढावा. पंधरा सेंटिमीटर हवे असतील तर दोन्ही टोकांना एकावर एक अशा दोन-दोन विटा रचून, त्यांवर फळी टाकून वर जुने बेडशीट घट्ट गुंडाळावे. दोन्ही तळवे टाचेपासून चवड्यापर्यंत मावतील इतकी ती फळी रुंद असावी. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, म्हणून खाली रबरी पायपुसणे अंथरावे.

खुर्ची विकत घ्यायचीच असेल तर दोन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. पाठ टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागची लवण यांच्यात दोन-तीन बोटांची फट राहिली पाहिजे. बैठक त्याहून खोल असेल तर पाठ टेकतच नाही, आणि ठेंगण्या माणसाला मोठ्या रुबाबदार खुर्च्या निरुपयोगी ठरतात त्या याच कारणाने. दुसरी गोष्ट म्हणजे खुर्चीच्या पाठीचा फुगीर भाग कमरेच्या पट्ट्याच्या जरासा वर, जिथे कणा आत वळतो, तिथे आला पाहिजे. घरातल्या साध्या प्लास्टिकच्या किंवा लाकडी खुर्चीत हेच काम घट्ट गुंडाळलेला टॉवेल करतो. त्याला दोन्ही टोकांना नाडी बांधून तो खुर्चीलाच अडकवावा, म्हणजे उठताना खाली पडत नाही. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत असतील तर ते काढून टाकलेले बरे. हातांमुळे माणूस टेबलापासून दूर राहतो आणि मग पुढे वाकतो. रेक्झिनच्या खुर्चीत एप्रिल-मे महिन्यांत बसवत नाही, म्हणून आपल्या हवेला जाळीची पाठ अधिक सोयीची.

लॅपटॉपची अडचण

लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे हात योग्य उंचीला आले की मान खाली जाते आणि मान सरळ ठेवली की हात वर जातात. दोन्ही एकाच वेळी साधणे कोणत्याही टेबलावर शक्य नाही. माणसाचे डोके सुमारे साडेचार-पाच किलो वजनाचे असते, आणि ते जितके पुढे झुकते तितका मानेच्या मागच्या स्नायूंवरचा ताण वाढत जातो. म्हणून दिवसात दोन तासांहून अधिक लॅपटॉप वापरणाऱ्याने पहिली खरेदी वेगळ्या कीबोर्डची आणि माऊसची करावी. साधी जोडी हजार-पंधराशे रुपयांत मिळते, आणि या सगळ्या मांडणीत एवढ्या थोड्या पैशांत एवढा आराम देणारी दुसरी वस्तू नाही.

कीबोर्ड वेगळा झाला की लॅपटॉप वर उचलता येतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, आणि त्यासाठी बहुतेकांना लॅपटॉप सुमारे वीतभर उचलावा लागतो. वर घेतलेले डोळ्यांचे माप बैठकीच्या उंचीत मिळवले की ही कड जमिनीपासून किती उंच हवी, तो नेमका आकडा निघतो. स्टँड नसेल तर जुन्या दिवाळी अंकांचा दोरीने घट्ट बांधलेला गठ्ठा चालतो. लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या हवेच्या झडपा मात्र झाकल्या जाता कामा नयेत. स्क्रीन हाताच्या अंतरावर ठेवावी, म्हणजे पाठ टेकलेली असताना हात पुढे केला तर बोटांची टोके तिला जेमतेम लागावीत. एवढ्या अंतरावरून अक्षरे वाचता येत नसतील तर पुढे न सरकता अक्षरे मोठी करावीत. देवनागरीत मात्रा, रफार आणि उकार यांना शिरोरेषेच्या वर-खाली जागा लागते, त्यामुळे रोमन लिपीला पुरेसा वाटणारा आकार मराठी मजकुराला लहान पडतो. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यांनी स्क्रीनवरचा आकार सव्वापट ते दीडपट ठेवण्यात संकोच करू नये.

चाळिशीचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर वरचा नियम बदलतो. अशा चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो, म्हणून स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत ठेवली तर माणूस हनुवटी उचलून, मान मागे टाकून वाचू लागतो आणि मानेच्या मुळाशी दुखणे सुरू होते. अशांनी स्क्रीन चार-पाच बोटे खाली घेऊन किंचित मागे कलती करावी. रोज सहा-सात तास काम असेल तर नेत्रतज्ज्ञांना स्क्रीनचे अंतर मोजून सांगावे आणि फक्त संगणकासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

मनगट आणि बोटे

कीबोर्डच्या मागे उघडणारे दोन छोटे पाय मिटूनच ठेवावेत. ते उघडले की मागची बाजू उंच होते आणि मनगट वरच्या दिशेला मुडपते. टंकलेखन करताना पंजा आणि पुढचा हात एका सरळ रेषेत राहायला हवा. मनगट टेबलाच्या धारदार कडेवर टेकवू नये; कडेवर टॉवेलची घडी टाकली तर कड बोचत नाही. माऊस कीबोर्डला खेटून ठेवावा. उजवीकडे आकड्यांचे वेगळे खण असलेला रुंद कीबोर्ड माऊसला वीतभर दूर ढकलतो, म्हणून हिशेबाचे काम नसेल तर आखूड कीबोर्ड घ्यावा.

इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या प्रमाण कीबोर्ड मांडणीच्या, पद्धतीने मराठी लिहिणाऱ्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि ख, घ, थ, ध, भ यांसारखी महाप्राण अक्षरे तसेच श आणि ळ शिफ्ट दाबून येतात. वाक्यागणिक शिफ्ट लागत असल्यामुळे ती कोणत्या करंगळीने दाबायची, हा प्रश्न इथे महत्त्वाचा ठरतो. उजव्या हाताच्या अक्षरासाठी डावीकडची आणि डाव्या हाताच्या अक्षरासाठी उजवीकडची शिफ्ट वापरावी. एकाच हाताने शिफ्ट आणि अक्षर दाबण्याची सवय लागली की पंजा दर वेळी ताणून बाहेरच्या बाजूला वळतो. ही सवय मोडायला काही आठवडे जातात आणि त्या काळात वेग कमी होतो, पण तो परत येतो. लांब मजकुराचा पहिला खर्डा बोलून टंकित केला तर बोटांना विश्रांती मिळते. बोलून मराठी लिहिण्याची सोय आता बहुतेक फोनवर आहे.

उजेड आणि पंखा

स्क्रीन खिडकीला काटकोनात ठेवावी, म्हणजे खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला येईल. खिडकी समोर असली तर डोळ्यांना तिरीप लागते आणि पाठीमागे असली तर ती स्क्रीनवर उमटते. भिंतीवरच्या ट्यूबलाइटचेही तसेच. त्याची एक सोपी परीक्षा आहे. स्क्रीन बंद करावी, नेहमीच्या जागी बसावे आणि काळ्या काचेत पाहावे. त्यात ट्यूब, खिडकी किंवा पांढरा शर्ट स्पष्ट दिसत असेल तर काम करताना डोळे दिवसभर त्या प्रतिबिंबातून अक्षरे वेचत असतात. टेबल थोडे फिरवावे किंवा स्क्रीन कलती करावी आणि पुन्हा पाहावे.

स्क्रीनकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, आणि त्यात वरचा पंखा किंवा एसीचा झोत सरळ चेहऱ्यावर येत असेल तर डोळे चुरचुरू लागतात. खुर्ची पंख्याच्या बरोबर खाली असण्यापेक्षा थोडी बाजूला असावी. डोळ्यांच्या विश्रांतीसाठी दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडच्या एखाद्या वस्तूकडे वीस सेकंद पाहण्याचा नियम सर्वत्र सांगितला जातो आणि तो पाळायला सोपा आहे. शहरातल्या लहान खोलीत वीस फूट मिळत नाहीत, त्यासाठी खिडकीबाहेर पाहावे.

जमिनीवर आणि उभ्याने

ज्यांना खुर्चीपेक्षा मांडी घालून बसणे सोयीचे वाटते त्यांनी ते सोडण्याचे कारण नाही, मात्र सपाट सतरंजीवर बसू नये. नुसत्या जमिनीवर मांडी घातली की गुडघे वर राहतात, कंबर मागे कलते आणि पाठीला बाक येतो. बुडाखाली सात-आठ सेंटिमीटरची घट्ट उशी किंवा दुमडलेली घोंगडी घेतली की गुडघे कमरेच्या खाली येतात आणि पाठ सहज सरळ होते. पाठीमागे भिंत आणि कमरेला लोड असावा. समोरच्या बैठ्या टेबलाची उंची याही वेळी कोपराच्या मापावरूनच ठरते, आणि ती बहुधा २८ ते ३० सेंटिमीटर भरते. दर थोड्या वेळाने वरचा पाय बदलावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हा प्रकार टाळावा. पलंगावर गादीत रुतून काम करणे मात्र कोणालाही हितकारक नाही, कारण तिथे कंबरेला आधार देता येत नाही.

उभ्याने काम करण्यासाठी अनेक जण लॅपटॉप स्वयंपाकाच्या ओट्यावर नेतात. ओटा कणीक मळण्यासाठी आणि चिरण्यासाठी असतो, आणि हाताला जोर लागणाऱ्या अशा कामांना पृष्ठभाग कोपराच्या दहा-पंधरा सेंटिमीटर खालीच हवा. टंकलेखनाला तो ठेंगणा पडतो. फोनवरच्या बैठकी उभ्याने, शक्यतो चालत घ्याव्यात, आणि टंकलेखन बसूनच करावे. फोन कान आणि खांदा यांत दाबून धरू नये, इअरफोन लावावेत.

मांडणी कितीही अचूक असली तरी एकाच स्थितीत तासन्‌तास बसणे स्नायूंना सोसत नाही. अर्ध्या तासाने उठावे, दोन मिनिटे चालावे आणि पुन्हा बसावे. गजराकडे लोक दुर्लक्ष करू लागतात, म्हणून टेबलावर दोन लिटरची बाटली न ठेवता फुलपात्र ठेवावे, म्हणजे पाण्यासाठी उठावेच लागते. एका टेबलावर दोघे आळीपाळीने बसत असतील तर प्रत्येकाची खुर्चीची उंची दांड्यावर रंगीत चिकटपट्टीने खुणावून ठेवावी आणि पायांखालची फळी ज्याची त्याची वेगळी असावी.

सगळे बसवून झाल्यावर घरातल्या कोणालातरी, आपल्याला त्या वेळी न कळवता, काम चालू असताना बाजूने फोटो काढायला सांगावे. कान, खांदा आणि कंबरेचे हाड साधारण एका उभ्या रेषेत आहेत का, कोपर अंगालगत आहे का आणि तळवे टेकले आहेत का, हे त्यात स्पष्ट दिसते. दुपारी चारनंतरचा फोटो सकाळच्या फोटोपेक्षा अधिक उपयोगी असतो.

मांडणी सुधारूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट रात्री बधिर होऊन जाग येत असेल तर मनगटातली नस दबल्याची शक्यता असते. बधिरपणा करंगळी आणि अनामिकेत असेल तर कोपराजवळच्या नसेचा संशय येतो, आणि कोपर कडक पृष्ठभागावर टेकवून बसण्याची सवय त्यामागे असू शकते. हातातली पकड सैल होणे किंवा कंबरेतून पायात सणक जाणे हे दुखणे अंगावर काढण्यासारखे नाही. पायांतली शक्ती जाणे, दोन्ही मांड्यांमधला भाग बधिर होणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. इतर वेळी तपासणीला जाताना बाजूने काढलेला तो फोटो आणि घेतलेली तीन मापे बरोबर न्यावीत. फिजिओथेरपिस्टला त्यावरून पुष्कळ काही कळते.